गोलच्या मागची जागा

इथे आखातात, बौशरच्या त्या मॉलला गेले की मी उघड्या पार्किंगच्या पार मागच्या टोकाला गाडी लावते. दारापासून ते लांब पडतं, सावली नाही, आणि बरोबर असलेल्या मैत्रिणी दर वेळी कुरकुरतात. मी कारण सांगत नाही. तिथे दिव्याचे दोन खांब आहेत. त्यांच्यामधून पाहिलं की मागचा करडा डोंगर दिसतो, आणि डोंगराच्या माथ्यावर एक खाच आहे. ती खाच डाव्या खांबाला टेकलेली दिसली की समजायचं, आपण बरोबर जागेवर आहोत. डोंगराकडचा गोल इथे होता. त्याच्या मागे, जाळीपासून दोन पावलांवर, प्लास्टिकचा पालथा क्रेट टाकून मी बसायचे.

तेव्हा इथे खडीचं मैदान होतं. गवताचं पातंही नव्हतं. शुक्रवारी दुपारचं जेवण झालं की अशफाकचाचा ओळखीच्या टँकरवाल्याला बोलावून मैदानावर पाणी मारून घ्यायचे. तापलेल्या जमिनीतून वाफ उठायची, आणि असा वास सुटायचा, की टीममधली मोठी माणसं बुटांच्या नाड्या बांधता बांधता थांबायची. त्यांना त्या वासाने गावाकडचं काहीतरी आठवत असणार. मला तो टँकरचा वास वाटायचा. मातीला पाण्याचा वास येतो तो टँकर आल्यावर, असंच मी लहानपणापासून धरून चालले होते.

मग नाम्या पांढऱ्या रेघा मारायला घ्यायचा. नाम्या बांधकामाच्या साइटवर होता, तिथली उरलेली जिप्समची पावडर तो पिशवीत भरून आणायचा आणि फक्की टाकावी तशी ती ओळीने टाकत जायचा. रेघ कधीच सरळ यायची नाही. पेनल्टी बॉक्सचा एक कोपरा दर आठवड्याला समुद्राकडे सरकलेला असायचा. बाबा म्हणायचे, नाम्याच्या रेघेवर विश्वास ठेवला तर गोल पार मत्राहच्या बंदरात जाईल.

बाबा टीमचे मॅनेजर. एरवी ते एका एसीच्या कंपनीत सुपरवायझर होते, आणि आम्ही अल घुब्रात, शाळेपासून चालत जाता येईल अशा फ्लॅटमध्ये राहत होतो. टीमचं नाव दर्या बॉइज. बहुतेक सगळे रत्नागिरी-रायगडचे, खाडीकाठचे. अर्धे सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजाला ओळीत उभे राहणारे, अर्धे त्या वेळात क्रेटवर बसून बुटांच्या नाड्या सोडणारे. कॅप्टन अशफाकचाचा श्रीवर्धनच्या बाजूचे होते आणि मासळीच्या धंद्यात होते. कपाळ मागे गेलेलं, पोट पुढे आलेलं, पण बॉल पायात आला की त्यांचं वय कुणाच्या लक्षात राहायचं नाही.

बायकांची चटई टचलाइनच्या बाजूला असायची. आईच्या थर्मासमध्ये कोकम सरबत, सावंतकाकूंच्या डब्यात चिरलेली संत्री. मीही तिथे बसू शकले असते. पण ज्या सीझनबद्दल सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी गणपतीत, काकूंच्या घरी, सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, "काकू, चहा सांडली." काकू हसल्या. मनात काही नव्हतं त्यांच्या, पण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सांडली? मग उचल तिला." पुढे कित्येक दिवस कुणाच्याही घरी गेलं की कुणीतरी विचारायचं, चहा झाली का. शाळेत आम्ही आपापसांत इंग्रजी बोलायचो, वर्गाबाहेर हिंदी. मराठी फक्त घरात आणि शुक्रवारी. त्या चहानंतर मी शुक्रवारची मराठी बंद केली. विचारलं तर मान हलवायची. काकूंनी मला इंग्लिश मॅडम नाव ठेवलं, आणि मी गोलच्या मागची जागा धरली. तिथे कुणी काही विचारत नाही.

त्या जागेवरून मला बरंच दिसायचं. बॉल कुठे जाणार हे मागून लवकर कळतं. नाम्या डिफेन्सला असायचा, आणि घाबरला की तो डावीकडे सरकतो हे मला त्याच्याआधी कळलं होतं. ऊन उतरलं की बामाचा वास, संत्र्याच्या सालीचा वास, नायलॉनच्या जर्सीतला घामाचा वास. वारा वस्तीकडून आला तर लोबानाचा. आणि मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यातून एक आवाज यायचा, थप्प, मग थोड्या वेळाने पुन्हा थप्प.

तो कोपरा फिलिपिनो लोकांचा होता. ते बेसबॉल खेळायचे. त्यांचा कॅचर गुडघ्यांवर बसलेला असायचा, तोंडावर जाळीचा मुखवटा, हातात फुगलेल्या भाकरीएवढा चामड्याचा पंजा. फेकलेला बॉल त्या पंजात येऊन बसला की तो आवाज व्हायचा. त्याचं नाव जून. अल खौदच्या एका कॉफी शॉपमध्ये तो करक, म्हणजे इकडचा कडक दुधाळ चहा करायचा, आणि आमच्यातले काही जण कामावरून येताना त्याच्याकडे थांबायचे. वर्षानुवर्षं आम्ही या कोपऱ्यात आणि ते त्या कोपऱ्यात. बॉल चुकून इकडे आला की परत टाकायचा, हात वर करायचा. एवढीच ओळख.

त्या सीझनच्या शेवटाला दोन बातम्या एकदम आल्या. पहिली अशी की मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला मोजणीचे लाल खुंट ठोकले गेले होते. मैदान आज ना उद्या जाणार हे ठरलं. लीग चालवणाऱ्यांनी सांगितलं की पुढच्या सीझनपासून सामने भाड्याच्या टर्फवर होतील, आणि तिथे जागा कमी, म्हणून या वर्षीचे पहिले चारच संघ पुढे जातील. बाकीच्यांनी आपली वेगळी सोय बघावी. खोलीत सहा-सहा जण राहणारी माणसं आपली वेगळी सोय कुठे बघणार होती? चौथा नंबर आला तर दर्या बॉइज राहणार, नाही आला तर संपणार. इतकं ते सरळ होतं.

आणि आम्ही चौथे होतो. पाचवा संघ अल खौदच्या मल्याळी मुलांचा, आमच्या एकच पॉइंट मागे, आणि साखळीतला शेवटचा सामना त्यांच्याशीच. बाबा गाडी चालवताना मोठ्याने हिशेब करायचे. जिंकलो तर आपण, बरोबरी झाली तरी आपण, हरलो तर ते. आई म्हणायची, एवढं सोपं आहे तर रोज का सांगता? बाबा म्हणायचे, सोपं आहे म्हणूनच सांगतो. त्यांना जराही शंका नव्हती. मलाही नव्हती. आमचा गोली सूर्यकांत होता, आणि सूर्यकांतच्या मागे बसून मी तो पूर्ण सीझन पाहिला होता.

दुसरी बातमी सूर्यकांत स्वतःच घेऊन आला. मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली, दारात तो, हातात मिठाईचा बॉक्स. वेल्डर होता तो. लाजरा, जवळजवळ माझ्याइतकाच. बाबांच्या पाया पडून म्हणाला, "दादा, रिलीज मिळाली."

आखातात हा शब्द ऐकला की लोक उठून मिठी मारतात. कंपनीने रिलीज दिली म्हणजे माणूस दुसऱ्या, बऱ्या नोकरीला जायला मोकळा झाला. त्यासाठी लोक मालकाच्या दारात खेटे घालतात, नवस बोलतात. सूर्यकांतला दूर, सोहारला काम मिळालं होतं, आणि शनिवारी सकाळी तिथे हजर व्हायचं होतं. म्हणजे शुक्रवारी निघायचं. बाबांनी त्याला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून त्यांचा चेहरा मला दिसत होता. मॅनेजर ते होते, पण रिलीज भलत्यानेच दिली होती.

आईने त्याला जेवायला बसवलं. तो खाली मान घालून जेवला आणि दर दोन घासांनी म्हणाला की एक दिवस उशिरा गेलो तर चालेल का विचारतो. बाबांनी दर वेळी नाही म्हटलं. जाताना त्याने आपले ग्लव्हज बाबांच्या हातात दिले. बाबांनी ते टीव्हीवर ठेवले, आणि रात्रभर घरात रबराचा आणि घामाचा वास येत राहिला.

जूनचं नाव कुणी काढलं ते मला आठवत नाही. बहुधा अशफाकचाचांनी. फोनवर सगळ्यांचं एकदम बोलणं चाललं होतं आणि बाबांनी स्पीकर लावला होता. चाचांचं म्हणणं साधं होतं. जो माणूस एवढासा बॉल सोडत नाही, तो एवढा मोठा बॉल कशाला सोडेल? कुणीतरी विचारलं, तो येईल का. चाचा म्हणाले, जून येईल. नाम्या म्हणाला, जून यायला अजून वेळ आहे, आत्ता मार्च चालू आहे. मग त्याचं वय निघालं, पस्तिशीच्या पुढचा होता तो, तर नाम्या म्हणाला, भेंडी जून झाली तर आपण टाकून देतो आणि इथे गोली जून आणतोय. बाबाही हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

बोलणी करक चहाच्या कागदी कपांवर झाली, जूनच्याच कॉफी शॉपसमोर, गाडीच्या बॉनेटवर. बाबा मला बरोबर घेऊन गेले होते, इंग्रजीचं काही अडलं तर म्हणून. मी गाडीतून उतरले नाही आणि काही अडलंही नाही. बेसबॉलवाल्यांच्या कॅप्टनचीही अडचण निघाली. त्यांचा एक लांबवर उभा राहणारा खेळाडू सुटीवर गेला होता आणि शुक्रवारी सकाळी त्यांचाही सामना होता. लांबून नेमका बॉल फेकेल असा कुणी तुमच्याकडे आहे का? बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. नाम्याची फेक त्यांना माहीत होती. क्रिकेटमध्ये तो बाउंड्रीवरून थेट स्टंप उडवायचा. सकाळी नाम्या तिकडे, संध्याकाळी जून इकडे. हात मिळवले, सौदा पक्का. जून हे सगळं काउंटरमागून बघत होता. गिऱ्हाइकं बाहेर गाड्यांत बसून हॉर्न वाजवत होती आणि ओरडत होती, यल्ला, यल्ला, म्हणजे चल, लवकर. तो ट्रे घेऊन पळत सुटायचा. हे मी पाहिलं होतं, पण तेव्हा त्यात काही लक्षात ठेवण्यासारखं वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी बेसबॉल पाहायला अर्धी दर्या बॉइज आली. नाम्याची फेक खरोखर उत्तम होती. दोनदा त्याने लांबून असा बॉल टाकला की फिलिपिनो लोकांनी टोप्या उडवल्या. घोळ झाला तो बॅटिंगला. नाम्याने बॉल मस्त मारला, आणि पळाला. बॅट हातात घेऊन पळाला. सगळे त्याला ओरडून सांगत होते बॅट टाक, बॅट टाक, पण आयुष्यभराची सवय. पहिल्या बेसजवळ येताच त्याने झेप घेतली आणि क्रीजमध्ये टेकवावी तशी बॅट बेसवर टेकवली. मग उठला, मातीने माखलेला, आणि अंपायरकडे बघून हात पसरले. मग जूनने मुखवटा वर केला आणि इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मला वाटतं, तो आमचा झाला तेव्हाच.

दुपारी टँकर आला, वास आला, नाम्याने रेघा मारल्या. त्या दिवशी त्या जरा सरळ आल्या. जून नडगीवरचे कॅचरचे पॅड तसेच घालून आला होता, ते सुदानी रेफरीने काढायला लावले. सूर्यकांतचे ग्लव्हज त्याला घट्ट झाले. अशफाकचाचांनी टॉस जिंकला आणि नेहमीसारखंच मागून घेतलं की दुसऱ्या हाफमध्ये डोंगराकडचा गोल आपला. म्हणजे पहिला हाफभर जून त्या टोकाला, रस्त्याकडे, आणि माझ्या समोर मल्याळी मुलांचा गोली.

आमचे लोक त्याच्याशी फार जपून वागत होते. एरवी मैदानावर जी मराठी चालायची ती त्या दिवशी एकाच्याही तोंडी नव्हती. पाहुण्याला कळेल असं बोलायचं म्हणून सगळे यल्लावर आले. ये म्हणायला यल्ला, जा म्हणायला यल्ला, शाब्बास म्हणायला यल्ला, असू दे म्हणायलाही यल्ला. हाफटाइम जवळ आला तेव्हा मल्याळी मुलांनी एक उंच बॉल आत टाकला. बॉल नाम्याचाच होता. त्याने जूनला सांगितलं, माझा आहे, तू रहा मागे. पण हे सगळं तो एकाच शब्दात म्हणाला. यल्ला यल्ला, असं मला मैदानाच्या या टोकाला ऐकू आलं. जूनच्या कानांना त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. पळत ये. तो पळत आला. दोघं एकमेकांवर आदळले, बॉल दोघांच्या मधून टप्पे खात, अगदी निवांत, रिकाम्या गोलमध्ये गेला.

टचलाइनवर कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. तेच वाईट होतं. बायकांच्या चटईवर आई थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत होती. बाबा मैदानात गेले. हाफटाइमला सगळे डोंगराकडच्या गोलशी जमले, म्हणजे माझ्या समोरच, आणि मी क्रेटवर आणखी आखडून बसले.

अशफाकचाचा दम खात म्हणाले की मागून एकच जण बोलेल, बाकीचे गप. त्याला कळेल अशा इंग्लिशमध्ये. मग त्यांनी नाम्याकडे पाहिलं. "तुला येतं काय इंग्लिश?"

"नो प्रॉब्लेम येतं," नाम्या म्हणाला.

"तोच प्रॉब्लेम आहे."

तेव्हा बाबांनी जाळीतून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला त्यांनी तोंड उघडण्याआधीच कळलं, आणि पळून जावंसं वाटलं. पण मागे डोंगर होता.

"ही बोलेल," बाबा म्हणाले. "सगळा सीझन इथे बसून बघितलाय तिने."

संत्री घेऊन आलेल्या सावंतकाकू म्हणाल्या, "ही? अहो, ही नाव विचारलं तर मान हलवते."

कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, घामाने निथळणारी, गुडघे फुटलेली, धापा टाकणारी मोठी माणसं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. त्यांना खरोखर माझी गरज होती. जून जाळीपाशी येऊन उकिडवा बसला, बेसबॉलमध्ये बसायचा तसा. त्याने मला इंग्रजीत सांगितलं की तो पुढचं सगळं बघू शकतो, पण त्याच्या मागे गोल कुठे संपतो ते त्याला अजून अंगात भिनलेलं नाही. तुला ते दिसतं. छोटे शब्द बोल, मोठ्याने बोल. मग म्हणाला की कॅचरची एक खोड असते, आलेला प्रत्येक बॉल त्याला धरावाच लागतो, मागे गेला तर लाज. इथे काही बॉल जाऊ द्यायचे असतात. ते तेवढं सांग.

अशफाकचाचांनी जाळीला वळसा घालून येऊन माझ्या क्रेटवर टकटक केलं. "बोल गो बाय," ते म्हणाले. "आमचं जाऊ दे, त्या माणसासाठी बोल."

माझा पहिला आवाज माझ्याच क्रेटपर्यंत पोचला. 'लेफ्ट' म्हणाले होते मी. जून हललाही नाही. टचलाइनवरून बाबांनी दोन्ही हात वर केले, मत्राहपर्यंत ऐकू जाऊ दे. दुसऱ्यांदा मी उभी राहिले. तिसऱ्यांदा, कसा कोण जाणे, पोटातून एक आवाज निघाला. तो माझा आहे हे मला ओळखू यायला वेळ लागला. 'आउट' म्हटलं, आणि एक पस्तिशीचा माणूस तीरासारखा पुढे गेला आणि त्याने बॉल छातीशी धरला. थप्प. तोच आवाज, पलीकडच्या कोपऱ्यातला, आता माझ्यासमोर.

त्यानंतर मी थांबले नाही. स्टे, लेफ्ट, आउट, मॅन बिहाइंड. नाम्या डावीकडे सरकायला लागला की त्यालाही सांगितलं, आणि तो चक्क सरकायचा थांबला. सगळ्या सीझनभर जे मनात म्हणत आले होते ते आता तोंडाने म्हणत होते, एवढंच. बॉल आमच्याकडे येत राहिला, त्यांची मुलं खरंच चांगली होती, पण आम्ही हरणार नाही हे मला माहीत होतं. कशावरून, ते सांगता येणार नाही. जूनच्या पाठीवरून मला ते दिसत होतं.

आमचा गोल मी पाहिलाच नाही. तो त्या टोकाला झाला. धूळ उडाली, अशफाकचाचांचं टक्कल उन्हात चमकलं, बाबांची टोपी हवेत गेली, आणि मग ओरडा माझ्यापर्यंत पोचला. कॉर्नरवर आलेला बॉल चाचांनी डोक्याने मारला होता. एक-एक. बरोबरी. आता फक्त हे टिकवायचं होतं.

ऊन डोंगरावर चढून गेलं. लोबानाचा वास यायला लागला. मगरिबची अजान झाली की सामना संपायचा, आमच्या मैदानाचा तसाच नियम होता, आणि रेफरी घड्याळापेक्षा मिनाराकडे जास्त बघत होता. तेव्हा त्यांच्या एका उंच मुलाने लांबून बॉल मारला. जोरात, जमिनीसरपट, उजव्या पोस्टकडे. त्याच क्षणी त्यांचा दुसरा मुलगा पोस्टकडे धावत सुटला. जूनने गुडघे वाकवले. मी त्याच पोस्टमागे, क्रेटशी उभी होते. बॉल, जून आणि पोस्ट एका रेषेत दिसत होते, आणि ती रेष बाहेर जात होती, थोडीशीच, पण बाहेर. जूनचा हात लागला असता तर बॉल उडून थेट त्या धावणाऱ्या मुलाच्या पायात गेला असता.

मला इंग्रजी शब्द आठवला नाही. शाळेत दिवसभर जी भाषा बोलायचे, तिच्यातला 'लीव्ह' हा एवढासा शब्द त्या वेळी कुठे गेला कुणास ठाऊक.

"सोड!" मी ओरडले. "सोड, सोड, सोड!"

जून हवेत झेपावलेला होता. त्याने हात आखडून घेतला. तो बरगडीवर पडला, बॉल त्याच्या बोटांपुढून गेला, पोस्टच्या बाहेरून, माझ्या क्रेटवर आदळला आणि क्रेट उलटा झाला. त्यानंतर अजान सुरू झाली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. नाम्याने जूनला उचललं होतं. आईने थर्मासमधलं सरबत सगळ्यांत आधी मला दिलं, आणि माझा घसा इतका बसला होता की ते तिखट लागलं. नमाज झाल्यावर माणसं परत आली आणि नाम्याच्या रेघांवर फतकल मारून बसली. मी जूनला विचारलं, घोगऱ्या आवाजात, की मी चुकून भलत्याच भाषेत ओरडले, तुला कळलं कसं. त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. म्हणाला, इतकी वर्षं मी त्या कोपऱ्यात बसतोय, दर शुक्रवारी तुम्ही लोक दुसरं काय ओरडता? सोड, सोड. मी तर आज त्याचीच वाट बघत होतो, आणि कुणी म्हणेच ना.

हे मी मराठीत सगळ्यांना सांगितलं. पूर्ण वाक्यांत, त्याने सांगितलं तसं. काही लिंगं चुकली असतील. कुणी दुरुस्त केली नाहीत. अशफाकचाचांनी कपाळावर हात मारला आणि नाम्याला म्हणाले, बघ, आपण पाहुणचार करत बसलो.

सावंतकाकू मात्र काकूच होत्या. संत्र्याची फोड माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आणि काय गं, एवढ्या मोठ्या माणसाला 'सोड'? 'सोडा' म्हणावं."

"सोडा म्हणायला गेली असती," चाचा म्हणाले, "तर बॉल आत होता, काकू."

आम्ही चौथे आलो. पुढे उपांत्य सामन्यात हरलो, त्याबद्दल घरात फारसं बोलणं होत नाही. दर्या बॉइज टर्फवर गेली, आणखी काही वर्षं खेळली. जूनने तिथेही एक पूर्ण सीझन गोल सांभाळला आणि बेसबॉलही सोडला नाही. सूर्यकांत सोहारहून दर विजयानंतर फोन करायचा. टर्फवर टँकर लागत नव्हता, रेघा कारखान्यातून सरळ आलेल्या होत्या, आणि गोलच्या मागे उंच जाळी होती. तिथे मी चटईवर, काकूंच्या शेजारी बसायचे. गोलमागची जागा मला आता लागत नव्हती. लाल खुंटांच्या जागी आधी पत्रे आले, मग क्रेन, मग हे.

गेल्या शुक्रवारी बाबा बरोबर होते. ते या वर्षी सगळं आवरून गावी चाललेत, बॅगेत भरायला टॉर्च, बाम, चॉकलेटं, अत्तर, असली खरेदी चालली आहे. पिशव्या डिकीत टाकल्या आणि ते म्हणाले, आज मी चालवतो. मी मागे राहून गाडी बाहेर यायची वाट बघत होते. मागून एक कामगार ट्रॉल्यांची लांब रांग ढकलत येत होता. त्याला पुढे निघून जायचं होतं म्हणून तो ओरडला, यल्ला, यल्ला. बाबांना वाटलं, तो आपल्याला ये म्हणतोय. गाडी मागे यायला लागली.

"बाबा, थांबा!"

पार्किंगमधली माणसं वळून बघायला लागली. गाडी जागच्या जागी थांबली. ट्रॉल्या खडखडत तिच्या मागून निघून गेल्या, कामगाराने हात वर केला, मीही केला.

बाबांनी काच खाली केली आणि मान बाहेर काढली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दोन्ही बाजूंच्या खांबांकडे, मग वर, डोंगराकडे. इथेच गाडी का लावते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. खाच सापडायला त्यांना वेळ लागला नाही.

"आवाज आहे हं अजून," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा गिअर टाकला, आणि आरशात न बघता माझ्याकडेच बघत राहिले. "जागा पण तीच आहे. चल, सांग आता, किती मागे घेऊ?"

मी दोन खांबांच्या मध्ये नीट उभी राहिले आणि सांगायला लागले.